नाताळचा आहेर

माझा आवाज मोठा आहे. पूर्वी हे मी कौतुकानं सांगत असे. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही लग्न निघालं की आहेर पुकारायला मलाच बोलावणं यायचं. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. आमच्याकडे आहेर हळूच हातात सरकवून भागत नाही. मांडवात एकानं माईक धरून उभं राहायचं आणि पुकारायचं, "अमुक गावचे प्रगतिशील शेतकरी, नवरीचे थोरले मामा, यांच्याकडून नवरदेवास भर पोशाख, नवरीस साडी-चोळी, व्याह्यांना दस्ती-टोपी!" दस्ती म्हणजे खांद्यावर टाकायचा रुमाल. नुसतं नाव घेतलेलं चालत नाही. गाव, नातं, धंदा, सगळं लावावं लागतं. एकदा एका आतोबांना मी नुसतंच 'शेतकरी' म्हणालो. त्यांचं तालुक्याला खताचं दुकान होतं. ते न जेवता मांडवातून उठले आणि पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी कुणाचा धंदा सांगायला विसरलो नाही. एकदा तरी विसरायला हवा होता, असं आता वाटतं.

नांदेडच्या ज्या इंग्रजी शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो, तिथे दर डिसेंबरला नाताळ साजरा होतो. ख्रिस्ती मुलं शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण पालकांना फोटो हवे असतात. खेळाचे सर कापसाची दाढी लावून सांताक्लॉज होतात. सकाळी सगळी शाळा कुडकुडत असते आणि अकराच्या सुमारास सर त्या लाल अंगरख्यात घामाघूम झालेले असतात. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, "सर, इतिहास तुमच्याकडे, तर सांताक्लॉजचा इतिहासही तुमच्याकडेच. पाच मिनिटं बोला." मला सांताक्लॉज म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या जाहिरातीतलं म्हातारं, एवढंच माहीत. म्हणून मी ड्रॉइंगच्या मॅडमकडे गेलो. त्या लातूरच्या, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती.

"म्हातारं काय म्हणता सर, संत होता तो," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. आजच्या तुर्कस्तानात, समुद्रकाठी, मायरा नावाचं गाव. तिथला बिशप संत निकोलस. गावातला एक चांगल्या घरचा माणूस सगळं गमावून बसलेला. घरात तीन मुली लग्नाच्या आणि हुंड्याला दमडी नाही. मुलींना विकायची पाळी आली. संतानं अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, थोरलीचं लग्न झालं. पुन्हा एक थैली, मधलीचं झालं. तिसऱ्या खेपेला बाप जागाच राहिला आणि धावत जाऊन त्यानं संताला धरलं. तो पाया पडायला लागला तर संत म्हणाला, मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही.

"मग आपल्याला कसं कळलं?" मी विचारलं. वर्गात मुलांना पकडतो तसं मी त्यांना पकडलं होतं. "बापानं सांगितलंच ना शेवटी?"

"संत गेल्यावर सांगितलं असंल," मॅडम म्हणाल्या. "तेवढा दम तरी धरला ना त्यानं!"

आम्ही दोघंही हसलो. पुढे त्यांनी बाकीचं सांगितलं. त्या संताच्या सणाला, सहा डिसेंबरला, तिकडची मुलं आदल्या संध्याकाळी बूट काढून ठेवतात आणि सकाळी त्यात कुणीतरी ठेवलेलं संत्रं, गोळ्या सापडतात. डच लोक आपल्या बोलीत त्याचं नाव घेत घेत त्याला अमेरिकेला घेऊन गेले. तिथे बिशपची उंच टोपी जाऊन गोंड्याची आली, पोट सुटलं आणि त्याचा सांताक्लॉज झाला. आणखी एका संताची गोष्ट त्यांना फार आवडायची. संत मार्टिन हा तरुणपणी शिपाई होता. ऐन थंडीत वेशीवर एक उघडा भिकारी दिसला तेव्हा त्यानं तलवारीनं आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. मी म्हणालो, द्यायचाच होता तर पूर्ण का नाही दिला? मॅडम म्हणाल्या, "पूर्ण दिला असता तर तो भिकारी एकटाच घेणारा ठरला असता. आता रस्त्यानं जाताना दोघंबी अर्ध्या झग्यात." हे मी माझ्या टिपणात लिहून घेतलं. भाषणात टाळ्या मिळतील असं वाटलं.

गोष्टीवरून कल्पना निघाली तीही त्यांचीच. माझ्या सातवीच्या वर्गात काही मुलं सरकारी कायद्यातल्या पंचवीस टक्के मोफत जागांवर आलेली. ती कोण, हे ऑफिसला आणि वर्गशिक्षकाला माहीत असतं. मुलांना कळू द्यायचं नाही असा दंडक आहे. त्यांतल्या नऊ जणांकडे धड स्वेटर नव्हता. मॅडमनी ओळखीच्या पालकांकडून चांगले स्वेटर मागून आणले, धुऊन इस्त्री केले. ठरलं असं, की नाताळच्या कार्यक्रमाच्या दिवशी मुलं मैदानावर असताना वर्गातल्या प्रत्येक बाकावर खाकी कागदाचं एकेक पुडकं ठेवायचं. सगळ्यांच्या पुडक्यात गोळ्या आणि एक संत्रं. नऊ पुडक्यांत वर एक स्वेटर. पुडकं उघडायचं घरी. कोण देतं, कोण घेतं, कुणालाच पत्ता नाही.

कुणाच्या बाकावर कोणतं पुडकं, हे लक्षात राहावं म्हणून यादी मी केली. नुसती नावं पुरली असती. पण जित्याची खोड! मी मुलाचं नाव लिहिलं, पुढे बापाचं, त्याचा धंदा, मूळ गाव आणि स्वेटर कुणाकडून आला तेही. वर्षानुवर्षं मांडवात ज्या कागदावरून पुकारत आलो, तसाच कागद माझ्या हातून तयार झाला. तो घडी करून मी शर्टाच्या खिशात ठेवला.

त्या नऊ जणांत एक मुलगी होती. मराठीत वर्गात पहिली. निबंधाला मी दिलेल्या ओळी तिला कधी पुरायच्या नाहीत, समासातही लिहायची. आई एका मेसवर भाकरी-पोळ्या करायची. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. मैत्रिणींनी विचारलं तर ती सांगायची, "माझे पप्पा मोंढ्यात असतात." खोटं काहीच नव्हतं. ऐकणारे मात्र अडत दुकान समजायचे आणि ती त्यांना समजू द्यायची. दोन बाकांपलीकडून मी हे कितीदा ऐकलं होतं आणि मनातल्या मनात तिच्या हुशारीला दाद दिली होती. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते अजाणता झालं असं मला म्हणता येत नाही.

कार्यक्रम छान झाला. मी संताची गोष्ट सांगितली. 'कुणाला सांगायचं नाही' हे वाक्य आवाज खाली आणून म्हणालो, आणि मैदान शांत झालं. झगा कापल्याची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "लई भारी सांगितलं सर. आपल्या शाळेनं काय केलं तेबी सांगा की लोकाला." मागे पालक बसलेले. मॅडम स्टेजच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको. ती मान मी पाहिली. स्वच्छ पाहिली. आणि माझा हात खिशाकडे गेला.

लोक ऐकायला लागले की माझं काय होतं हे मला ठाऊक आहे. अंगात वारं शिरतं. मी कागद उलगडला आणि पुकारायला लागलो. चौथं नाव तिचं होतं. तिचं पूर्ण नाव घेऊन मी म्हणालो, "मूळ बिलोली तालुक्यातले, मोंढ्यात हमाली करून लेकीला शिकवणारे कष्टाळू वडील, यांच्या कन्येस, आपल्या शाळेचे पालक, नामांकित सराफ, यांच्याकडून स्वेटर!" मांडवातल्यासारखंच शेवटचं अक्षर लांबवलं. टाळ्या पडल्या. पुढची पाच नावंही मी त्याच सुरात घेतली. नऊ जणांना वर बोलावून कापसाच्या दाढीबरोबर फोटो काढला. ती आली, सांगितलं तिथे उभी राहिली, कॅमेऱ्याकडे बघ म्हटल्यावर बघितलं. फोटोत ती हसलेली आहे. तो फोटो शाळेच्या ग्रुपवर अजूनही असेल.

खरी फजिती वर्गात झाली. पुडकं घरी उघडायचं ही सूचना आता कोण पाळणार? सगळा वर्ग त्या नऊ जणांभोवती गोळा झालेला. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण त्या सराफांचीच मुलगी. ती आनंदानं ओरडली, "अगं, हा तर माझा! मला लहान झाला म्हणून मम्मीनं दिला." तिच्या मनात काळं नव्हतं. उलट आपली वस्तू मैत्रिणीला मिळाली म्हणून ती खूश होती. मागून एका पोरानं खांद्यावर दप्तर पोत्यासारखं घेतलं आणि वाकून चालून दाखवलं. मी दारात उभा होतो. मी ओरडलो, "जागेवर बसा!" एवढंच मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नाताळची सुट्टी संपली तरी आली नाही. मॅडम मला बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. पण त्या बोलल्या. "तुम्ही वाईट माणूस नाहीत सर. म्हणून तर जास्त राग येऊन राहिला." मी म्हणालो, मी तिच्या वडिलांना कष्टाळू म्हणालो, नाव चांगलंच घेतलं. हे बोलताना माझं मलाच कळत होतं की मी पळवाट काढतोय. गावाकडे आहेर पुकारतात, कारण तो परत जायचा असतो. आज ज्याचं नाव घेतलं, तो उद्या आपल्या कार्यात तोडीस तोड घेऊन येतो, आणि आपण त्याचं नाव पुन्हा घेतो. कुणी कुणाच्या खाली राहत नाही. ज्याला परत करता येणारच नाही, त्याला दिलेलं पुकारणं म्हणजे दवंडी. अर्ध्या आयुष्यात मी शेकड्यानं आहेर पुकारले आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. येळवस आली तशी मी गावी गेलो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे शेतात जेवण असतं, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हात धरून भज्जी-आंबिलीला बसवतात. बसवताना कुणी त्याचं नाव विचारत नाही. तिथे मी अर्ध्या जेवणातून उठलो. भावानं विचारलं, "काय रं, तब्येत बरी न्हाई का?" मी हो म्हणालो.

संक्रांतीनंतर मी तिच्या घरी गेलो. शाळेच्या मागच्या बाजूला, रुळांपलीकडे, भाड्याची एक खोली. वडील कामावर गेलेले. आई मेसवरून नुकतीच आलेली, हाताला पीठ. मला बघून ती गडबडली. "सर, बसा, बसा. च्या ठिवते." एकच खुर्ची होती, ती फडक्यानं पुसून मला दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली.

"ती शाळेत येईना झाली, ताई," मी म्हणालो.

"लई समजून सांगितलं सर. ऐकूनच नाही राहिली." तिनं आतल्या पडद्याकडे पाहिलं. "आमाला काई वाटत न्हाई. हमाली हाय, चोरी थोडीच हाय? तिचे वडील म्हणले, सरांनी माझं नाव एवढ्या लोकांत घेतलं. त्येन्ला तर बरंच वाटलं. पर लेकराचं वय येगळं आस्तंय, सर."

वडिलांना बरं वाटलं, हे ऐकून मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहा प्यालो. मनात वाक्य तयार होतं, पण पंचवीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस विद्यार्थ्याची माफी कशी मागतात हे शिकलेला नसतो. शेवटी मी आईला म्हणालो, "चुकलं माझं."

ती घाबरून उठली. "आसं नका म्हनू सर! पाप लागंल आमाला." आणि तिनं माझ्यापुढे हात जोडले. मी माफी मागायला गेलो आणि तिलाच हात जोडायला लावले. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

तेवढ्यात मुलगी पडद्यामागून बाहेर आली. अंगात जुनी शाल. तो स्वेटर कुठे आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी येते शाळेत. पण माझं नाव घ्यायचं नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही. हजेरीला पण नाही. नंबर घ्यायचा."

आई तिला दटावायला लागली, सरांना असं बोलतात का म्हणून. मी म्हणालो, "घेणार नाही. शब्द देतो." ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाची हजेरी नंबरानं घ्यायला लागलो. एकट्या तिचा नंबर घेतला असता तर तेही एक पुकारणंच झालं असतं. मुलांना गंमत वाटली. मुख्याध्यापकांनी वेळ वाचतो म्हणून कौतुक केलं आणि इतर वर्गांतही तसंच करायला सांगितलं. त्या कौतुकाला मी "हो सर" म्हणालो. तिचा नंबर अठ्ठावीस. ती "येस सर" म्हणायची, वहीतून मान वर न करता. मराठीत ती पहिलीच येत राहिली, पण समासात लिहिणं थांबलं. मी दहा ओळी सांगितल्या तर दहाच ओळी. शंका विचारायला हात वर करणं थांबलं. थेंबानं गेलेली हौदानं भरून येत नाही म्हणतात, ते मी रोज तासाला अनुभवत होतो. कधी कधी तर मला तिचाच राग यायचा. एवढं काय झालं, आता सोड की, असं मनात यायचं. आणि मग त्या रागाचीही लाज वाटायची.

पुढच्या नाताळात मी माईकला हात लावला नाही. घसा बसला म्हणून सांगितलं. पुडकी मॅडमनी एकट्यांनी केली. यादी मला दाखवली नाही आणि मीही मागितली नाही.

आठवीलाही तो वर्ग माझ्याकडेच होता. मोफत जागा आठवीपर्यंतच असते. निकाल लागल्यावर ती वडिलांबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. वडिलांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उन्हानं रापलेला, बारीक अंगाचा माणूस, धुतलेला पांढरा शर्ट, हातात टोपी. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले आणि वाकून नमस्कार केला. माईकवर त्यांचं नाव घेणारा तो मीच, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला कुठे बघावं कळेना. वर्गशिक्षकाची सही लागते म्हणून मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. काउंटरसमोर पालकांची रांग होती. त्यांत आमच्या वर्गातल्या मुलांचेही पालक होते.

कारकुनानं अर्ज पुढे ओढला. "नाव सांगा, सर."

मी चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे सरकवलं. तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला, बारीक अक्षर दिसेना. तोंडानं सांगा ना." मागे रांग तिष्ठत होती. मी काउंटरवर वाकलो आणि त्याच्या कानाशी, जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू, तिचं नाव घेतलं.

"कोण?" तो मोठ्यानं म्हणाला. "नीट सांगा की राव."

माझ्या मागून तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. खणखणीत. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. कारकुनानं लिहिलं आणि पुढचा रकाना विचारला, "वडलांचा व्यवसाय?"

"हमाली," ती म्हणाली. "मोंढ्यात." तिनं वडिलांचा हात धरला होता. रांगेतलं कुणीच वळून बघितलं नाही. कारकून पुढचं विचारत गेला, आणि मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.